संध्याकाळचा पंप

४ नोव्हेंबर, मंगळवार
औषध बदललं! डॉक्टर म्हणाले, "काका, आता रोज सकाळी एकदाच. तिन्ही औषधं एकाच पंपात. झाकण उघडा, खट् वाजलं की जोरात ओढा, दहापर्यंत श्वास धरा, चूळ भरा. झालं." जुने पंप बंद. सकाळ-संध्याकाळचे फवारे बंद. आणि वही ठेवा म्हणाले, रोज दम किती लागला ते लिहायचं. म्हणून ही वही.
एकतीस वर्षं इथं जळगावच्या जिनिंगमध्ये कापसाची धूळ खाल्ली, वरून विड्या. छाती तरी किती सोसणार!
आजचा दम — जिन्यावर लागला. मध्ये दोनदा थांबलो.

५ नोव्हेंबर
सकाळी नवीन घेतलं. पावडर आहे. आत गेली की नाही तेही कळत नाही.
संध्याकाळी मशिदीतून अजान झाली आणि सुनंदा उठली. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! कपाटातून जुना पंप काढला, त्याला प्लास्टिकचं नळकांडं बसवलं, पेल्यात कोमट पाणी घेतलं आणि माझ्यापुढं येऊन उभी राहिली.
"अहो, घ्या."
"अगं, हा बंद झाला आता. सकाळी एकदाच घ्यायचं."
"घ्या ना. वेळ झाली."
दोन वर्षांत हिचं एकेक सुटत गेलं. आधी गॅस बंद करायचं. मग बाजारातून घरी यायचा रस्ता. गेल्या दिवाळीत पोटची मुलगी समोर बसलेली, तर मला हळूच विचारते, "ही बाई कोणाकडची?" संघमित्रा मोरीत जाऊन रडली.
पण अजान झाली की माझा पंप — एक दिवस चुकला नाही.
माझं नाव तिनं कधीच घेतलं नाही. 'अहो'वर सगळा संसार झाला. त्यामुळे मला विसरली की नाही, ते कळायला दुसरा मार्गच नाही. पंप आणते, म्हणजे मी तिला माहीत आहे.
घेतला. दोन फवारे.

७ नोव्हेंबर
छाती धडधडते. हात कापतात, अक्षर बघा कसं झालंय. डॉक्टरांना फोन केला. ओरडले. "काका, दोन्ही घेताय? दुप्पट औषध जातंय अंगात! जुना फेकून द्या आजच्या आज."

८ नोव्हेंबर
फेकवला नाही. धान्याच्या कोठीत लपवला.
अजान झाली. तिनं कपाट उघडलं. पंप नाही. सगळे कपडे खाली काढले, डबे उघडले, गादी उलटली. "त्यांचं औषध कुठंय? त्यांचं औषध?" मी म्हणतोय, मला बरं आहे, बस तू — ऐकेना. अनवाणी बाहेर पडली.
शेजारच्या ताजबीनं हाताला धरून परत आणली. म्हणाली, "भाऊ, द्या ना तिच्या हातात काहीतरी. बघा कशी थरथरते बिचारी."

९ नोव्हेंबर
सकाळी मागच्या अंगणात जाऊन जुना पंप रिकामा केला. हवेत दाबत बसलो. दाबून दाबून अंगठा दुखायला लागला. ताजबीनं भिंतीवरून डोकावलं. "काय भाऊ, मच्छर मारता का?" हसायला आलं. हसता हसता दुसरंच काही झालं. ती आत गेली.
संध्याकाळी रिकामा पंप ओढला. नळकांड्यात नुसती हवा. श्वास धरला. ती ओठ हलवत दहा मोजते, तसे मोजले. मी चूळ भरली. तिनं पदरानं माझी हनुवटी पुसली आणि जागेवर जाऊन बसली. चेहऱ्यावर कसं समाधान!
आता रोज हेच करायचं.

१० नोव्हेंबर
घेतला.

१४ नोव्हेंबर
घेतला. आज जिना एका दमात चढलो! सात वर्षांत पहिल्यांदा. तिला सांगितलं. "हो का," म्हणाली. पाहुण्याला म्हणतात तसं.

२३ नोव्हेंबर, रविवार
संघमित्रा धुळ्याहून आली. संध्याकाळी दारात उभी राहून सगळं पाहिलं. नंतर स्वयंपाकघरात म्हणाली, "बाबा, तुम्ही आईला फसवताय."
"फसवत नाही. ती तिचं काम करते, मी माझं."
"आणि पंप आणायचं विसरली म्हणजे? तेव्हा काय करणार?"
मी पेला विसळून ठेवला. मग म्हणाली, धुळ्याला या, दोघंही. तिथं दवाखाना जवळ, मी जवळ. "तुम्हाला आता औषधासाठी कोणाची गरज नाही, बाबा. एकदा ओढलं की झालं."
तेच तर!

२ डिसेंबर
धुळे. एस.टी.नं आलो. सुनंदा पारोळ्यापर्यंत खिडकीतून कपाशी बघत होती, खुशीत. सकाळच्या गडबडीत पंप घरीच राहिला.
संघमित्राच्या कॉलनीत अजान ऐकू येत नाही. दिवस मावळला. मी समोरच बसलो होतो, घड्याळ बघत. सात वाजले. सुनंदा पदराचा काठ चाळवत बसलेली. शेवटी मीच म्हणालो, "सुनंदा, माझा पंप?"
माझ्याकडे पाहिलं. "कसला?"
नवीन औषधानं छाती मोकळी आहे. तरी श्वास घेता येईना.

३ डिसेंबर
पहाटेच्या गाडीनं परत. संघमित्रा रागावली. "असं करू नका हो बाबा. एका पंपासाठी?"
संध्याकाळी अजान झाली. सुनंदा उठली! कपाट उघडलं, पंप काढला.
घेतला.

७ डिसेंबर
घेतला. धुळ्याहून आल्यापासून ती अहिराणीच बोलते. माहेरची बोली. लग्न होऊन आली तेव्हा माझी आई हसायची हिला, म्हणून सोडून दिली होती. इतकी वर्षं एक शब्द काढला नाही. आता "भूक लागनी" म्हणते. ताजबी म्हणाली, "भाऊ, किती गोड बोलते ही, मला माहीतच नव्हतं." मलाही नव्हतं.
दम — नाही.

११ डिसेंबर
अजान झाली. पंप आला, पाणी आलं. पण आज 'अहो' म्हणाली नाही. गुडघ्याशी बसली आणि हळूच, कुणी ऐकेल अशा भीतीनं —
"आबा, हाई ले. आनि माले जयगावले धाडू नको ना. तुले दवाई कोन दी मंग?"
आबा म्हणजे तिचे वडील. जळगावला, सासरी धाडू नको म्हणत होती; मग तुला औषध कोण देईल. धुळ्याला गिरणीत होते. दमेकरी. आमचं लग्न झालं आणि दीड महिन्यात गेले.
चव्वेचाळीस वर्षं झाली. मला कधी बोलली नाही.
डोळे माझ्यावरच लावून बसली होती, उत्तराची वाट बघत.
मी म्हणालो, "नही धाडत, बेटा."
पंप ओढला. दहापर्यंत श्वास धरला.