सोललेले वाल

अंबरनाथ,
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय निशाताई,

नमस्कार. फोन हाताशी असताना ही बाई पत्र कसलं लिहितेय, असं वाटेल तुम्हाला. फोनवर तुम्ही "बोल गं" म्हणालात की मी भलतंच काहीतरी सांगून फोन ठेवते. म्हणून हा कागद तुमच्या भावाच्या हाती देतेय. सोबत छोटा डबा आहे.

इकडे बरं आहे. अक्षयची पाठ अजून धरते, पण ऐकतो कुणाचं? सोनू रोज विचारते, आत्या जेवते का नीट. आमच्या जीन्सच्या कारखान्यात ऑर्डरींचा ढीग पडलाय. शेठ म्हणतो, "शलाका, छुट्टी की बात मत करना." तरी उद्या दाजींच्या तेराव्याची सुट्टी मी टाकलीच.

गुरुवारी तुम्ही म्हणालात, "तेराव्याला वालाचं बिरडं तूच कर, त्या दिवशीसारखंच." मी लगेच हो म्हटलं. फोन ठेवला आणि तशीच ओट्याला टेकून उभी राहिले.

ताई, त्या दिवशीचे वाल मी केले नव्हते.

दाजी गेल्याचा फोन सकाळी आला. अक्षय तसाच तुमच्याकडे कुळगावला धावला. सुतकाच्या घरी पहिल्या जेवणाला माहेरहून द्यायचा कडू घास संध्याकाळी मी आणायचा, असं ठरलं. आपली रीत किती सोपी! कडवे वाल सालासकट कुकरला लावायचे, मीठ घालायचं, फोडणी नाही, सोबत भात. तेवढंही मला जमलं नाही. मी कामावर गेले. शेठने सोडलं नाही असं सगळ्यांना सांगितलं, पण मी त्याला विचारलंच नव्हतं. घरी वालाचा दाणा नव्हता. येताना पोळीभाजी केंद्रात बिरडं दिसलं, ते घेतलं.

फोडणीचं होतं. तेल वर तरंगत होतं. कडू घासाला फोडणीचं कसं न्यायचं? मी ते चाळणीत ओतलं आणि नळाखाली धुतलं. मोहरी आणि कढीपत्ता वेचून काढला. पिवळं पाणी मोरीतून जाताना बघत होते, तरी हात थांबला नाही. मग मीठ घालून पुन्हा उकळलं, भात लावला आणि आपल्या डब्यात भरलं. माहेरच्या सुनेने घास विकत आणला असं कोणी म्हणू नये, एवढीच काळजी होती. दाजी गेले हे तोवर मनात शिरलंसुद्धा नव्हतं.

तुमच्या सासूबाईंनी विचारलं, "माहेरचा काय आयलाय?" तुम्ही पहिला घास गिळलात आणि म्हणालात, "आमच्या शलाकाने केलंय. म्हणून खाली उतरतंय." सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, दुःखाने घातली.

आज स्वतः वाल सोलायला बसले. गुरुवारी रात्री भिजत घातले, शुक्रवारी फडक्यात बांधले, काल मोड आले. नखं दुखायला लागली तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सोललेल्या वालांना दोन दिवस लागतात. दाजी गेले सकाळी आणि मी मोडाचे, सोललेले वाल घेऊन आले संध्याकाळी!

जिने जन्मभर वाल सोलले, तिला हे कळायला कितीसा वेळ लागणार? पहिल्याच घासाला कळलं असणार तुम्हाला. नवऱ्याला निरोप देऊन बसलेली बाई, आणि त्या दिवशी तुम्ही माझी लाज झाकत होतात. मला तोंड दाखवायला जागा नाही, ताई. फसवलं त्याची लाज वाटते, आणि तुम्ही सांभाळून घेतलंत त्याची त्याहून जास्त वाटते.

डब्यातलं बिरडं माझं आहे. आमसूल आधीच टाकलं, त्यामुळे काही दाणे टणक राहिले. रस्सा बरा झालाय. आधी तुम्ही चाखा. चालेल म्हणालात तर उद्या पहाटे उठून मोठं पातेलं लावते, आमसूल शेवटी टाकून. नको म्हणालात तर रिकाम्या हाताने येईन, आणि कुणी विचारलं तर का ते मीच सांगेन.

पण या वेळी माझ्यासाठी खोटं बोलू नका.

तुमच्या माहेरची,
शलाका