शुक्रवारच्या पिवळ्या रुमालाबद्दल

लोरिंग, नेब्रास्का
रविवार, दुपार

आदरणीय आर्डिथताईस,

धाकट्या लाइलचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? शुक्रवारी त्याच गुडघ्यावर बाकावर चढून तू मला जे ओरडत होतीस, त्यावरून बरा असावा. (शब्द ऐकू आले नाहीत. शेजारच्या पाद्रीबाईंनी कान झाकले, तेवढं दिसलं.) भावजींची तब्येतही विचारली म्हणून सांग. तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितोय.

आमच्याकडे पंचांचा दुष्काळ आहे, सहा गावांत मिळून आम्ही पाच जण. म्हणून भाच्याच्या शाळेच्या फुटबॉल सामन्यालाही मामाच उभा. त्यात मक्याची कापणी चालू, भुसा सगळीकडे, माझं नाक सकाळपासून वाहत होतं. शेवटची चाळीस सेकंदं उरली होती, आपण चौदा, ते एकोणीस. आपल्या संघातल्या एका पोराने चेंडू काखेत घेतला आणि पळत थेट शेवटच्या रेषेपार नेला. सहा गुण, म्हणजे सामना आपलाच. नेमकी तेव्हाच मला शिंक आली. मी कमरेशी हात घालून रुमाल ओढला, शिंकलो, आणि तो हातातून सुटून मैदानात जाऊन पडला. तो दंडाचा पिवळा रुमाल होता, खेळाडूची चूक दिसली की पंच मैदानात टाकतात तो. नाकाचा मागच्या खिशात होता. (दंडाच्या रुमालात वाळूची पुरचुंडी बांधलेली असते. नाकाचा इतक्या लांब गेला नसता.)

मुख्य पंच व्हर्नन धावत आला. "लाइल, काय पाहिलंस?" चुकून पडला, एवढंच म्हणायचं होतं. रुमाल उचलायचा, खोचायचा, विषय संपला. तशी सोयच आहे. पण आठशे माणसांसमोर शिंक सांगायला माझी जीभ रेटेना. मी म्हणालो, "चौसष्ट नंबर. समोरच्याचा शर्ट धरून ठेवला." चौसष्ट म्हणजे तुझा कोल्बी. तो एकच नंबर मला पाठ आहे, म्हणून तोच तोंडात आला.

रीतीप्रमाणे व्हर्ननने पलीकडच्या प्रशिक्षकाला विचारलं, दंड हवा की नको. नको म्हणायची मुभा असते. मी मनात देवाला आळवत होतो, पण नको म्हणाला असता तर त्या माणसाला घरात कुणी घेतलं नसतं. सहा गुण रद्द झाले, चेंडू दहा यार्ड मागे गेला, आणि आपण हरलो. कोल्बी हेल्मेट मांडीवर घेऊन एकटाच बसला होता. मी त्याच्या समोरून गेलो नाही, लांबून वळसा घालून गेलो.

ताई, बावीस वर्षं पंचगिरी केली आणि एका शिंकेपायी तुझ्या मुलावर खोटा आळ घेतला. उद्या संघटनेला तसं लिहून कळवतो आणि शिट्टी परत करतो.

तुझा,
लाइल

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात कोल्बी दारात आला. टोपी हातात. म्हणाला, "मामा, मी खरंच शर्ट धरला होता. घरी मात्र नाही म्हणून सांगितलं. तू बरोबर पाहिलंस." मी काहीच पाहिलं नव्हतं, हे तिथेच सांगायला हवं होतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "पुन्हा असं करू नकोस." वर त्याला चिलीचं गरम कालवण आणि दालचिनीचा रोल खाऊ घातला. जाताना त्याने माझे आभार मानले.

आणखी एक ता. क. त्याला खरं काय ते तूच सांग, मला जमत नाही. पत्र तुमच्या पेटीत टाकून मी बाहेर गाडीतच बसून राहणार आहे. सांगून झालं की त्याला पाठव. काच खाली करून ठेवतो.