हिरवी परात

प्रिय युअन,

तू रविवारी डनीडनला परत गेलास तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. फोन केला असता तर तोंडाला येईल ते बोलले असते, म्हणून लिहायला बसले. अक्षर वेडंवाकडं आहे, समजून घे. हात थरथरतात हे तुला माहीत आहे, आणि गेल्या हिवाळ्यापासून ते जास्तच थरथरतात हेही तू न बोलता पाहून घेतलंस.

आधी त्या खोक्याबद्दल. वाढदिवसाला आईसाठी ओढ्याच्या वाळूतून सोनं धुवून काढायचं सामान आणावं, हे सुचलं ते चांगलंच. पण काय ते सामान! घडीचं फावडं ओढ्यातल्या पहिल्याच दगडाला लागलं आणि त्याची मान मोडली. चाळण भातुकलीतली. खडकाच्या फटी उकरायला चकचकीत आकडा, त्याला रबरी मूठ! मी जन्मभर जुन्या स्क्रूड्रायव्हरचं टोक वाकवून भागवलं. आणि कण ओढून घ्यायची ती दाबायची बाटली, तिचं तोंड एवढं मोठं की सोन्याआधी वाळूनेच भरते. ओढ्यात कधी गुडघाभर पाण्यात न उतरलेले लोक हे विकतात आणि तुझ्यासारखे विकत घेतात, मला दोघांचीही शिसारी येते. फावडं शेतीच्या दुकानातून घ्यावं, लांब दांड्याचं, बस्स. त्यातली हिरवी परात मात्र बरी आहे, हे नाइलाजाने लिहिते. हिरव्यावर काळी वाळूही दिसते आणि सोनंही, आणि माझ्या लोखंडी परातीपेक्षा ती हलकी आहे.

त्याहून किळस आली ती तुझ्या हातांची. कोपरापर्यंत सनस्क्रीन थापून तू ते हात माझ्या परातीत घातलेस. आपल्या टसॉक ओढ्यातलं सोनं पिठासारखं बारीक. तेलकट हात लागला की ते पाण्यावर तरंगतं आणि काठावरून निघून जातं. लोखंडी परात नवी आणली तेव्हा कारखान्याचं तेल जाईपर्यंत मी ती शेकोटीवर जाळली होती. तुझ्या बाबांनी एकदा तिच्यात अंडी तळायला घेतली, तर मी त्यांना दिवसभर उपाशी ठेवलं होतं. हे सगळं ऐकत तू मोठा झालास! भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून मी परात घासत होते, तेव्हा शेजारचा मर्व तोंडातला मटण पॅटिसचा घास न गिळताच म्हणाला, "नोला, पोरगं तुझंच ना गं? की दवाखान्यात अदलाबदल झाली?" तू हसलास. मला हसू आलं नाही.

मग तू म्हणालास, "आई, इथली वाळू घे, इथे काहीतरी असेल." ज्याने इतक्या वर्षांत फावड्याला हात लावला नाही, त्याला वाळूची पारख कुठून आली? तरी घेतली. परात पाण्यात बुडवली, दोन्ही बाजूंना हलवली, जड ते तळाशी बसू दिलं, वरची वाळू पाण्याबरोबर सोडत गेले. काठावरून जायला नको ते किती जातंय ते मला दिसत होतं. तू माझ्या हातांकडे बघत होतास. आणि तळाशी जाडे, खरबरीत कण चमकले. तू असा ओरडलास की मर्वचा चहा सांडला. "बघ आई! अजून जमतं तुला!"

अजून जमतं तुला!

अरे, टसॉक ओढ्यात असलं सोनं कधी निघालेलं नाही. इथलं सोनं लांबून घासत येतं, येईपर्यंत त्याचं पीठ होतं. जाडं सोनं मिळायचं ते वरच्या खिंडीत, जिथे आता धरणाचं पाणी आहे. तू पोटात असताना मी तिथल्या फटी उकरून जे काढलं, ते तुझ्या लग्नात काचेच्या कुपीत घालून तुला दिलं. त्यात एक मोठा कण होता, कुत्र्याच्या कानासारखा दुमडलेला, दुमडीत पांढऱ्या गारगोटीचा ठिपका. तो माझ्या हिरव्या परातीत पडला होता. म्हातारी आई खूश व्हावी म्हणून तू तुझी कुपी माझ्या वाळूत ओतलीस! लहान पोराला पत्त्यांत मुद्दाम जिंकू देतात, त्या पोरासारखी मी तुझ्यासमोर बसले होते. त्या क्षणी मला तुझी किळस आली, आणि तुझ्याहून जास्त माझ्या हातांची.

पण पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. तू मर्वला हात धरून ओढत आणायला गेलास, तेव्हा माझा हात असा हलला की परात कलंडली. बाकीचे कण वाचले, खिडकीत ठेवलेत. तो कान ओढ्यात गेला. तेव्हापासून मी रोज जाते. जागा ठाऊक आहे, विलोच्या झाडाच्या मुळांशी जो सपाट खडक आहे त्याच्या फटीत. सोनं जड असतं, लांब जात नाही. वाळू अजून मला उपसता येते. परात मात्र धरता येत नाही रे, अर्ध्यावरच सगळं सांडतं. हे मी मर्वलासुद्धा सांगितलेलं नाही. म्हणून शनिवारी ये. लांब दांड्याचं फावडं आण, हात साबणाने धुऊन ये. फट मी दाखवते, परात तू धर, कशी हलवायची ते शिकवते. आणि येताना खिसे रिकामे ठेव.

तुझीच,
आई