गच्चीवरचा काळा कागद

३ नोव्हेंबर, सोमवार

कुणीतरी हवा मोजायच्या मशीनला हात लावतंय!

आज चारही ठिकाणचे फिल्टरचे कागद बदलले. तळ्याकाठचा जवळजवळ कोराच. शाळेवरचा फिकट राखाडी. दवाखान्यावरचा थोडा जास्त. आणि आमच्या गच्चीवरचा— तव्याचं बूड! सलग दुसऱ्यांदा. चिमट्यात धरून साहेबांपुढे ठेवला, तर ते कागदाकडे कमी आणि माझ्याकडेच जास्त बघत होते. ‘तुझ्याच घरावरचा एवढा काळा कसा रे?’ मी म्हणालो, खाली हायवे आहे, ट्रक जातात. ‘धूळ काय फक्त तुमच्याच दारात बसते?’ म्हणाले. शाळा आत आहे, झाडांमागे. दवाखान्याला मोठं अंगण आहे. पण हे इथे वहीतच. 

५ नोव्हेंबर, बुधवार

साहेबांचं काम मला जेवढं समजलं तेवढं नीट लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यात गोंधळ होणार नाही. बायपास झाला तर ट्रक गावाबाहेरून जातील. पण तो तळ्याच्या काठाने जाणार, म्हणजे तिथली झाडं जाणार, बगळ्यांची घरटी जाणार. एका पारड्यात तळं, दुसऱ्यात गावाची हवा. दोन्ही मोजायचं आणि अहवाल द्यायचा. गावाची हवा फारशी वाईट नाही असं निघालं, तर झाडं कशाला तोडायची? बायपास रद्द. आणि ऐन रस्त्यावरचं मशीन एकच आहे— आमच्या गच्चीवरचं. सगळी भिस्त त्याच्यावर.

म्हणून विचार करतो, कागद काळा झाला तर फायदा कुणाचा? जमिनीच्या दलालाचा! बायपासच्या कडेची जमीन त्याने आधीच घेऊन ठेवली आहे म्हणतात. काल दादाच्या पंक्चरच्या दुकानात टायरला हवा भरून घेत होता आणि सारखा वर गच्चीकडे बघत होता. सहज बघत असेल.

सहज कोण बघतं?

६ नोव्हेंबर, गुरुवार

दलाल नव्हे. गच्चीचा जिना आमच्या स्वयंपाकघरातून जातो. वहिनीच्या नजरेखालून तो वर जाणार कसा?

९ नोव्हेंबर, रविवार

आज काढलेला कागद भिंगाखाली धरला. धागे! निळे, केसाहून बारीक. हवेत निळे धागे येतात कुठून?

साहेबांचा स्वेटर निळा आहे.

परवा ते ‘मशीन तपासतो’ म्हणून एकटेच वर गेले होते. मला चहा आणायला पिटाळलं. मुद्दाम? वर आलो तेव्हा मशीनचं झाकण उघडं होतं. तपासायला झाकण उघडावंच लागतं, हे मला कळतं. तरी मन म्हणतं, संशय माझ्यावर घ्यायचा आणि उद्योग स्वतः करायचा— चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते उगीच नाही. पण त्यांना यात काय मिळणार? ते सापडत नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज दादावर लक्ष ठेवलं. भावावर! स्वतःचीच लाज वाटली. शिवाय डोकं चालवलं असतं तर गरजच नव्हती. ट्रक गेले तर त्याचंच दुकान बसणार, तो कागद काळा का करेल? जेवताना तर उलटंच म्हणाला. ‘तुझ्या मशीनला सांग, इथली हवा एक नंबर आहे. ट्रक गेल्यावर काय तुझ्या पगारावर सगळ्यांनी जेवायचं?’

वहिनीने त्याच्यापुढे भाजीचं भांडं आपटलं. ‘एक नंबर ना? मग हिच्या छातीला विचारा.’

ही म्हणजे माझी पुतणी. झोपली की छाती वाजते, म्हणून दादानेच तिचं नाव शिट्टी पाडलं. ती म्हणाली, ‘बाबा, मी झोपेत गाणं म्हणते ना?’ दादा हसला. मग अर्ध्या जेवणावरून उठला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सापडलं. न सापडतं तर बरं होतं.

चिमटा घरी विसरलो होतो म्हणून कामावरून मधेच परत आलो. गच्चीवर धप्प धप्प आवाज. चपला काढून जिना चढलो.

वहिनी! तोंडाला फडकं बांधलेलं, हातात काठी, दोरीवर निळी सतरंजी— मशीनच्या अगदी तोंडाशी.

‘या भाऊजी,’ म्हणाली. दचकलीसुद्धा नाही. ‘सतरंजी झटकतेय. गुन्हा आहे का?’

‘इथेच?’

‘दोरी इथेच आहे.’

दोरी आधी पलीकडच्या भिंतीला होती. मी दोरीकडे बघितलं, तिने मला दोरीकडे बघताना बघितलं. मग काठी खाली ठेवली.

‘हे खोटं आहे, वहिनी.’

‘धूळ खोटी? ती काय मी पेरली सतरंजीत? रस्त्यावरून आली, येऊन बसली. मी फक्त तिला तुमच्या मशीनचा पत्ता दिला.’

‘माझी नोकरी जाईल!’

‘दुसरी मिळेल. तुम्ही हुशार आहात.’ थोडं थांबून म्हणाली, ‘हिला छाती दुसरी मिळायची नाही.’

मी खाली आलो. चिमटा पुन्हा विसरलो.

१५ नोव्हेंबर, शनिवार

गप्प राहिलो तर साहेबांना धागे दिसणारच, त्यांच्याकडे माझ्याहून मोठं भिंग आहे. मग म्हणतील, सगळं कुटुंब सामील. कदाचित त्यांना दिसलेही असतील. कदाचित मी कधी बोलतो याचीच वाट बघत असतील! काल ‘घरी सगळं ठीक?’ असं विचारलं त्यांनी. आजवर कधी विचारलं नव्हतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सांगितलं.

रागावले नाहीत, तेच वाईट. ‘बरं झालं बोललास,’ म्हणाले, ‘मी तुझ्यावर उगाच संशय घेत होतो.’ आणि पेन काढून आमच्या ठिकाणावर आडवी रेघ मारली. ‘हे आकडे धरता येणार नाहीत. शाळेचे आणि दवाखान्याचे धरू.’

शाळेचे! झाडांमागचे!

‘नव्याने मोजू ना, साहेब.’

‘वेळ कुठे आहे? वरून घाई आहे. मशीन राहू दे तिथेच, गाडी आली की नेऊ.’

त्यांच्या स्वेटरकडे बघवेना.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

वहिनी शिट्टीला घेऊन माहेरी गेली. तिथे पोरीची छाती वाजत नाही, हे खरं आहे. पण ती त्यासाठी गेली नाही. दारात वळून म्हणाली, ‘तुम्ही खरे, भाऊजी. तुमचं खरेपण जपा.’ शिट्टी मला टाटा करत होती, वहिनीने तिचा हात धरून खाली ओढला.

दादा शटर ओढून त्यांना सोडायला गेला. जाताना माझ्या पाठीवर थाप मारली. ‘वाचवलंस रे दुकान.’ पण तोंड असं केलं होतं, जणू दुकान जळालं.

सगळे गेल्यावर वर गेलो आणि नवा कागद घालून मशीन चालू केलं. साहेबांनी सांगितलेलं नाही. तरी केलं. सतरंजी घडी करून कपाटात, गच्चीला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. वहिनी परत आली की तो कागद तिच्यापुढे ठेवणार— हे बघा, काठी न चालवता इथली हवा कशी असते. रागाने नव्हे. तिने काय केलं ते तिच्या डोळ्यांना दिसायला हवं. मग तरी ती मला घरभेदी म्हणणार नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

कागद काढला. काळा. आधीइतकाच. भिंग घेऊन कोपरान्‌कोपरा बघितला— निळा धागा एकही नाही.

साहेबांना फोन लावला. माझं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. ‘अरे, अहवाल सकाळीच गेला. गाडी निघाली आहे, मशीन खाली आणून ठेव.’