सहावा दिवा

३ फेब्रुवारी, मंगळवार

सहावाही गेला! सकाळी कुरियरवाला येऊन खोकं घेऊन गेला. बंद पडलेल्या टायपिंग क्लासच्या सामानात मिळालेले सहा टेबलदिवे — हिरव्या टोपीचे, वाकवता येणाऱ्या मानेचे, बुड असं जड की पायावर पडलं तर महिनाभर सुट्टी. ऑनलाइन जाहिरात टाकली आणि महिन्याच्या आत सगळे खपले. चष्म्याच्या दुकानात दुपारपर्यंत उभं राहून जो कंटाळा साचतो, तो एखादं असं खोकं बांधलं की उतरतो.

सहाव्याची वायर मात्र बदलून झाली नाही. पाचांची वायरमनने बदलली, मग तो तापाने आडवा झाला. आणि या घेणाऱ्या बाई — रोज मेसेज. "निघाला का दिवा?" "वाचायला फार अडचण होते हो." शेवटी मीच प्लग लावून बघितला. पेटला की छान! तासभर चालू ठेवला. काही झालं नाही. दिला पाठवून. जाहिरातीत "नवीन वायरिंग" लिहिलंय खरं. पण सहाही दिव्यांची जाहिरात एकच. एकासाठी कुठे बदलत बसू?

सासूबाई म्हणाल्या, "गेली का भुतावळ? आता पलंगाखाली झाडू फिरेल."

८ फेब्रुवारी, रविवार

दिव्याच्या बाईंनी अभिप्राय लिहिला. पाच तारे. "माझ्या वडिलांच्या टेबलावर अस्साच दिवा होता. त्याच्या उजेडात मी वाचायला शिकले. शाळेत शिकवून निवृत्त झाले, आता एकटी राहते, आणि पुन्हा त्याच उजेडात वाचते आहे. तुमचं भलं होवो."

सासूबाईंना वाचून दाखवलं. "लोखंडाच्या तुकड्याचं एवढं कौतुक!" असं म्हणाल्या. मग, "परत वाच गं, नीट ऐकू आलं नाही." आलं होतं!

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दुकानाच्या मागच्या खोलीत बसून लिहितेय.

जेवायच्या सुट्टीत फोन उघडला तर बातमी — एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर काल आग, एकटी राहणारी वृद्ध महिला जखमी, हात भाजले, धूर छातीत गेला. खाली फोटो. इमारतीचं नाव कुठेतरी वाचल्यासारखं वाटलं. वाटलं कसलं — मीच लिहिलं होतं ते! जाड मार्करने, खोक्यावर. कुरियरची पावती अजून पर्समध्ये आहे. तीच इमारत. तिसरा मजला.

एका मजल्यावर चार घरं असतील. सहा असतील. एकट्या राहणाऱ्या काय एकच बाई असतील?

पावती फाडली. तुकडे चष्म्याच्या डबीत घालून डबी पर्समध्ये परत. कचऱ्यात टाकायचीही भीती वाटली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

जाहिरातीतून "नवीन वायरिंग" हे दोन शब्द काढले. दिवे विकून झालेत, जाहिरात कोण बघणार! तरी काढले. काढल्यावर वाटलं, आता तर चोरच झाले मी. परत घातले. परत काढले.

यांना सांगितलं. आधी हसले — "जगातल्या सगळ्या आगी काय तू लावतेस?" मग मी वायरचं सांगितलं. हसू मावळलं. उठून आधी दार लावून घेतलं, बाहेर सासूबाई टीव्ही बघत होत्या म्हणून.

"हे आणखी कोणाला बोललीस?"

"नाही."

"मग बोलू नकोस. माझी बढती तोंडावर आलीये. पोलीस, कोर्ट — आपल्याला झेपायचं नाही ते. तू गप्प बस. चार दिवसांत लोक विसरतात."

१४ फेब्रुवारी, शनिवार

घरातला प्रत्येक प्लग हात लावून बघते. गरम तर नाही ना.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज दुकानात एका आजोबांना दुसऱ्याच बाईंचा चष्मा दिला. डोळ्यांवर चढवून म्हणाले, "अरे वा, तुम्ही आज फारच सुंदर दिसताय!" सगळे हसले, मालकसुद्धा. मीही हसले. आवाज माझा वाटला नाही.

अनोळखी नंबरावरून पाच वेळा फोन. नाही उचलला. संध्याकाळी मेसेज — "मी तुमच्याकडून दिवा घेतलेल्या बाईंचा मुलगा. आई दवाखान्यात आहे. दिव्याबद्दल बोलायचंय. कृपया फोन करा."

चार घरं नव्हती. सहा नव्हती. त्याच होत्या.

यांनी मेसेज वाचला, फोन माझ्या हातून घेतला आणि तो नंबर ब्लॉक करून टाकला. जेवताना त्यांनी पाण्याचा पेला दोनदा सांडला.

१८ फेब्रुवारी, बुधवार

वायरमन बरा झाला. सकाळीच दारात! "ताई, सहावा राहिला होता ना? आणा."

"विकला गेला."

"वायर कोणी बदलली?"

मी म्हटलं, दुसऱ्याकडून करून घेतली. किती सहज आलं तोंडातून! त्याने पिशवीतून जुन्या वायरचा तुकडा काढला, त्या पाचांतल्याच एका दिव्याचा. वरून सुती कापड, कसं नवंकोरं दिसतं. बोटांत धरून वाकवला आणि आतलं रबर चुरचुरत खाली पडलं, वाळक्या मातीसारखं. आतली तार उघडी.

"हे बघा. पेटतो, चालतो, सगळं छान. पण कापड तापलं की एक दिवस झालंच. मानेपाशी, जिथे वाकवतो ना, तिथेच. बरं झालं करून घेतली."

तो गेल्यावर फरशी पुसली. तीनदा पुसली. त्या काळ्या भुग्याचा डाग जाईना.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

जेवण जात नाही. सासूबाई नुसत्या बघतात.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

नाही राहवलं. नंबरावरचा ब्लॉक काढला आणि दुकानामागच्या बोळात उभं राहून फोन लावला.

मुलगा म्हणाला, "बरं झालं फोन केलात! आईचा एकच धोशा आहे — तसाच दुसरा दिवा मिळेल का? तो जळला ना. दवाखान्यातही दिव्याचंच बोलते."

कसंबसं विचारलं, "आग... कशाने?"

"इस्त्री. चालू ठेवून झोपली. टेबलावर दिव्याशेजारीच होती. आलेल्या बंबवाल्यांनी ती बघितली आणि म्हणाले, इस्त्रीच दिसतेय. लेखी अहवाल यायचाय, पण आईनेही मान्य केलंय."

इस्त्री! बोळात खाली बसून रडले. एका मांजराने पूर्ण वेळ बघितलं. दिव्याचं बघते म्हणाले त्याला. जळलेल्या दिव्याचा फोटो पाठवतो म्हणाला, म्हणजे नेमका तसाच शोधता येईल.

हे म्हणाले, "सांगितलं नव्हतं?" आज चौघांचं जेवण मी एकटीने जेवले.

२१ फेब्रुवारी, शनिवार

फोटो आला. तो उघडलाच नसता तर!

जुन्या वस्तूंचे फोटो बघून बघून डोळ्यांना एक खोड लागलीये — वस्तू नाही, आधी खोट दिसते. कपाला तडा, घड्याळाला वेगळा काटा. फोटो मोठा करून बघितला. टेबल कोळसा झालेलं. दिव्याची टोपी काळी. मान वाकवायच्या जागी वायर तुटून वितळलेली, आणि बरोबर तिथूनच मागच्या भिंतीवर काळा पट्टा वर गेलेला.

कोपऱ्यात इस्त्री. तिची वायरही जळालेली, नुसती तांब्याची तार उरलेली. पण ती तार इस्त्रीभोवती गुंडाळलेली आहे. चार वेढे, नीटनेटके. प्लगचे पाय त्या वेढ्यांत खोचलेले.

गुंडाळून ठेवलेली इस्त्री चालू कशी असेल?

वीस वेळा बघितला फोटो. वेढे चारच आहेत.

२३ फेब्रुवारी, सोमवार

यांना फोटो दाखवला. बराच वेळ बघून म्हणाले, "जे कोणाला दिसलं नाही ते तुला कशाला दिसायला हवं?" मग माझा हात धरला. हात गार होता त्यांचा. "मला भीती वाटते गं. तुला नेलं तर?" लग्नाला चौदा वर्षं झाली, या माणसाच्या तोंडून भीती हा शब्द पहिल्यांदा ऐकला. भांडायला निघाले होते, भांडता आलं नाही.

मुलाचा पुन्हा फोन. दिव्याची घाई नाही म्हणाला. आईला आता तिच्या घरी परत न्यायचं नाही असं ठरलंय. "इस्त्री विसरते, उद्या गॅस विसरेल. वृद्धाश्रमात जागा मिळालीये. एक तारखेनंतर तिकडेच नेणार. घर विकून टाकू."

फोन ठेवून वळले तर सासूबाई दारात.

"बहिरी झालेय, आंधळी नाही. बारा दिवस बघतेय तुला. बोल."

सगळं सांगितलं. मोठ्याने, कारण त्यांना ऐकू येत नाही. भिंतीपलीकडच्यांनीही ऐकलं असेल. सासूबाई ओरडतील वाटलं. नाही ओरडल्या. हातरुमाल काढून चष्मा पुसत बसल्या. मग म्हणाल्या, "माझ्याच वयाची असेल ना ती? मी न केलेल्या गोष्टीसाठी मला उद्या कोणी विसरभोळी ठरवलं, घराबाहेर काढलं — तेव्हाही तू फोटो बघत बसशील?"

२५ फेब्रुवारी, बुधवार

दवाखान्यात गेलो. मी आणि सासूबाई. भेटायची वेळ चार ते सहा.

खिडकीपाशी खाट. बाई किती बारीक! दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत. मला बघून चेहरा फुलला. "तूच का ती दिवेवाली? ये ना गं, बस." मुलगा खुर्ची शोधायला गेला.

मी विचारलं, त्या दिवशी काय झालं. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "दिव्याखाली वाचत होते. डोळा लागला. जाग आली तर धूर. इस्त्री केल्याचं मला काही केल्या आठवत नाही. पण सगळे म्हणतात म्हणजे केलीच असेल. तेच तर भयंकर आहे बाई! हात बरे होतील. पण आपण केलं आणि आपल्यालाच ठाऊक नाही — आता मी स्वतःचा भरवसा कसा धरू? रोज सकाळी सतराचा पाढा म्हणून बघते. येतो. मग वाटतं, उद्या नाही आला तर?"

सासूबाईंनी मला कोपर मारलं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात मुलगा खुर्ची घेऊन आला. केवढा उंच!

"लवकर बऱ्या व्हा," म्हणाले. एवढंच! "लवकर बऱ्या व्हा!"

परतताना आमच्या थांब्यावर बसमधून उतरताना सासूबाईंनी माझा हात धरला नाही, दांडी धरून एकट्या उतरल्या.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

वायरमनकडे जाऊन खरं सांगितलं. तो नुसता "ताई..." म्हणाला आणि हातातली पक्कड खाली ठेवली. मग आधीच्या पाचही गिऱ्हाइकांना फोन केले. ते पाच ठीक आहेत, ठाऊक होतं, तरी केले. कोणाला तरी खरं बोलायची सवय करून घेत होते बहुतेक.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

यांनी विचारलं, "उद्या जाणार?" हो म्हटलं. ते म्हणाले, "मी गेटपाशी थांबतो. आत यायला नाही जमणार मला." चालेल. गेटपाशीही चालेल.

२८ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं. वायर, "नवीन वायरिंग", फोटोतली गुंडाळलेली इस्त्री, सगळं. मुलगा ताडकन उभा राहिला. "तुमच्यावर केस करतो," म्हणाला. बोट माझ्यावर रोखलेलं. करा म्हटलं. सोमवारी अग्निशमनच्या ऑफिसात जबाब द्यायला मी स्वतःच जातेय. बाईंकडे बघायची छाती होत नव्हती. खाटेवरून आवाज येत होता, रडण्याचा.

रडण्याचा नव्हता. बाई हसत होत्या.

"म्हणजे मी विसरले नव्हते! अगं, पुन्हा सांग. इस्त्री मी लावलीच नव्हती, हे पुन्हा सांग!"

तीनदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा मुलगाही ऐकत होता — खाली बसून, आईच्या पट्टीवर कपाळ टेकून.