बाबांच्या अंगाचा वास

प्रिय बोकोबा,

फोनवर तू माझं बोलणं हसण्यावारी नेतोस, म्हणून हे पत्र. यकृताची तपासणी करून घे असं तुला तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा तू विषय बदललास. आता मुकाट्याने शेवटपर्यंत वाच.

मी गेले होते पोट दुखतं म्हणून. सोनोग्राफीत कळलं, यकृतात चरबी भरलीय आणि ते कडक व्हायला लागलंय. डॉक्टरीणबाईंनी खोदून खोदून विचारलं, किती पिता म्हणून. मला! खोकल्याचं औषधसुद्धा नाक दाबून घेणाऱ्या तुझ्या ताईला! असा राग आला की रिपोर्ट टेबलावरच विसरून आले. पण बाई चिकाटीच्या. त्यांनी माझं रक्त मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलं आणि खरं कारण निघालं. एका जनुकात असा दोष आहे की यकृतातली चरबी नीट बाहेरच पडत नाही. त्याची एक प्रत आईकडून आली, एक बाबांकडून. दारूला शिवलंही नाही तरी माणसाचं यकृत असं खराब होऊ शकतं.

तुझ्यातही तो दोष असेल, कदाचित नसेलही. असला तरी हातपाय गाळू नकोस. बाईंनी समजावलं ते बाबांच्या लाकूड-पॉलिशच्या भाषेत सांगते. लाकूड जन्माचं, त्याच्या रेषा बदलत नाहीत. पण खाणं, झोप, काळज्या, बसून राहणं यांचे थर जनुकांवर चढतात आणि कुठलं जनुक जागं राहील, कुठलं झोपेल हे पुष्कळसं त्यांवर ठरतं. त्यातले काही थर खरवडून निघतातही. म्हणून शिवणयंत्रावरून उठून मी रोज तासभर चालते. गोड सोडलंय. शेजारीण म्हणते, तेवढ्यानं माझी जीभही कडू झालीय.

बाबांची फार आठवण येते रे. खुर्चीच्या पाठीवर पॉलिशचा बोळा फिरवताना ते जीभ दातांत धरायचे. लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं ते पॉलिश. कपड्यांना, केसांना, अगदी श्वासालाही त्याचाच वास. लहानपणी तू त्यांच्या मांडीवर बसून त्यांचे हात हुंगायचास. मग त्यांचे डोळे पिवळे झाले, पोट फुगलं आणि गल्लीनं निकाल लावून टाकला की मिस्त्री पितात. शेवटचं दीड वर्ष तू त्यांच्याशी बोलला नाहीस. मी तुला कधी समजावलंही नाही.

परवा तुझ्या बायकोनं तुझ्या नकळत फोन केला. तुझे डोळे पिवळट दिसतात म्हणाली, आणि लोक 'बाप तसा बेटा' म्हणतील म्हणून तू दवाखान्याची पायरी चढत नाहीस. ही लाज तुझ्या गळ्यात मी बांधलीय. बाबांना पहिल्यांदा इस्पितळात नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, हे पितात का? आई पाणी आणायला गेली होती. मी वीस वर्षांची दीडशहाणी, म्हणाले, हो, रोज. पिताना कधी पाहिलं नव्हतं, नुसता वास घेतला होता. केसपेपरवर तसंच लिहिलं गेलं आणि तो कागद तू वाचलास. बाबा शुद्धीत होते, बोकोबा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काहीच बोलले नाहीत. चारचौघांत मुलीला खोटं पाडायचं नव्हतं त्यांना. मागच्या आठवड्यात मी त्यांच्याबरोबर बावीस वर्षं काम केलेल्या सुतारकाकांना जाऊन विचारलं. बाबांनी उभ्या जन्मात दारूचा पेला हातात धरला नव्हता. मला माफ करायचं की नाही ते सावकाश ठरव, पण उद्या सकाळी दवाखान्यात जा. घरात कुणाला हा आजार होता का असं विचारलं, तर मान वर करून सांग, वडिलांना होता आणि ते पीत नव्हते.

कान धरून उभी असलेली,
तुझीच ताई