दिघोरीच्या बांधीतली गोरखमुंडी

मी, चंद्रकांता श्यामराव नाकाडे, वय ७२, अविवाहित, निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका, राहणार पवनी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. भाचा वीरेंद्र कोर्टात याच्या उलट सांगेल; त्याने आधी स्वतःचा दाखला दाखवावा. नागपूरच्या कॉन्व्हेंटात नन्सनी मला क्षमा शिकवली होती. त्या एकाच विषयात मी नापास झाले.

१. पवनीचे राहते घर आणि बँकेतली ठेव मंगलाबाईला द्यावी. बावीस वर्षे तिने माझा स्वयंपाक केला. गोरखमुंडी या रानवनस्पतीचा अर्क उकळताना घरभर उग्र वास सुटायचा, पण तिने कधी नाक मुरडले नाही. वीरेंद्रची बायको टीना गेल्या दिवाळीत याच घराच्या पडद्यांची मापे घेऊन गेली. ती मापे तिने जपून ठेवावीत.

२. भिंग, वह्या आणि २१२ सुकवलेले नमुने माझ्या जुन्या कॉलेजला द्यावेत. हे सर्व नमुने स्फेरॅन्थस प्रजातीचे आहेत. आपली गोरखमुंडी तिच्यातलीच. जांभळ्या गोंड्याला लोक एक फूल म्हणतात, पण त्यात शेकडो बारीक फुले दाटीने बसलेली असतात. खोडाला दातेरी पंख असतील तरच ती गोरखमुंडी. पंखांची कड सरळ असेल तर ती तिची बहीण. माझ्या संशोधनाच्या मार्गदर्शकांना हा फरक मी दाखवला. त्यांनी तो स्वतःच्या नावाने छापला आणि शेवटी माझे आभार मानले. म्हणून अट अशी की, नमुन्यांच्या चिठ्ठीवरचे माझे नाव कोणी खोडू नये.

३. वीरेंद्रला तो विकतो त्याच 'मुंडीसंजीवनी' औषधाची बारा पाकिटे द्यावीत. त्यांवर त्याने मला न विचारता माझा फोटो छापला आणि खाली लिहिले, 'मधुमेह मुळापासून गायब'. मुंडीतली कडू लॅक्टोन द्रव्ये मी वेगळी केली आहेत. तिच्या अर्काने उंदरांची साखर उतरल्याचे काही संशोधक सांगतात. माणसाचे काय होईल, हे मला ठाऊक नाही आणि वीरेंद्रला तर नाहीच. एक पाकीट फोडून भिंगाखाली पाहिले तर आत बागेतली बटणफुले निघाली. बरोबरच आहे. खरी मुंडी त्यानेच मारली होती.

४. ती अशी मारली. दिघोरीची माझी बांधी, म्हणजे बांध घातलेले धानाचे शेत, धान निघाल्यावर सुकते आणि तिच्या ओलसर भेगांत मुंडी उगवते. गेल्या वर्षी मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले असताना वीरेंद्रने उन्हाळी धानासाठी तिथे अर्ध्या भागात तणनाशक मारले आणि कालव्याचे पाणी सोडायला निघाला. शेजारच्या शेतातला यादोराव धुऱ्यावर, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावर, पाण्याच्या वाटेत आडवा पडला.

"काहून मारून राहिला रे? तुह्या आत्यानं याच्यावर जिंदगी घातली!"

"बाजूले हो बुढ्या, गवत आहे ते!"

"गवत आहे, त मंग पाकिटात भरून वर आत्याचा फोटो काहून छापला?"

वीरेंद्र पाणी न सोडताच परतला. अर्धी बांधी वाचली.

हा यादोराव माझा तीस वर्षांचा वैरी. दरवर्षी धुरा वीतभर माझ्याकडे सरकवतो. मास्तरीणबाई शिशीत भूत उकळते, असे त्याने गावभर सांगितले. मुंडीने कावीळ, वात आणि सासूचा राग जातो, असे तो अजूनही सांगतो, तिन्ही खोटे. पण तो गोंडे खुडतो, झाड उपटत नाही, आणि निम्मे गोंडे बी पडायला ठेवतो. मी बोलावलेल्या एकाही पदवीधराला हे सुचले नाही.

म्हणून ती बांधी यादोरावला देत आहे. धान कापल्यावर तिथे पाणी सोडू नये आणि तणनाशक मारू नये. आमचे भांडण मिटले, असा अर्थ कोणी काढू नये. धुरा त्याने आता हवा तिकडे सरकवावा. दोन्ही बाजू त्याच्याच आहेत.

अंमलबजावणी वकील चंद्रकुमार यांनी करावी. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. वीरेंद्र एखादे काढून दाखवील, तर सही भिंगाखाली पाहावी.

ठिकाण: पवनी, जि. भंडारा
दिनांक: ९ मार्च २०२५

सही: चंद्रकांता श्यामराव नाकाडे

आमच्यासमोर त्यांनी वाचून सही केली व त्यांच्यासमोर आम्ही केली:
१. रेणू हेमणे, शिक्षिका, पवनी
२. ईश्वर लांजेवार, औषध दुकानदार, पवनी (दुकानात 'मुंडीसंजीवनी' ठेवत नाही, हे बाईंनी लिहायला लावले.)